प्राचीन पर्शियन साम्राज्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हखामनी घराण्याचे साम्राज्य इ.स.पू. ५५० ते ३३० या काळातले. त्याबद्दल पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे इथे दिली आहेत. गोंधळाचे कारण बहुतेक वेळा एकच असते: 'पर्शियन' म्हटले की हजार-दीड हजार वर्षांची माणसे एका रांगेत उभी केली जातात. म्हणून सुरुवात तिथूनच.

प्राचीन पर्शियन, इराणी, पारशी हे सगळे एकच का?

नाही. आजच्या इराणच्या नैऋत्येला फार्स नावाचा प्रांत आहे, शिराझ हे त्यातले मोठे शहर. शिलालेखांत या भागाला पार्स म्हटले आहे आणि मूळ पर्शियन ते इथले. मीड, पार्थियन, बॅक्ट्रियन, सोग्दियन हे त्यांच्यासारख्याच इराणी भाषा बोलणारे, पण वेगळे लोक.

चार थर लक्षात ठेवले की पुढचे सोपे जाते. पहिला हखामनी. दुसरा पार्थियन, इ.स.पू. २४७ ते इ.स. २२४. तिसरा सासानी, इ.स. २२४ ते ६५१. चौथा इस्लामोत्तर फारसी संस्कृतीचा. आपल्याकडे दख्खनच्या सुलतानांबरोबर आली ती ही. पारशी समाज सासानी राज्य बुडाल्यानंतर भारतात आलेल्या जरथुश्त्री लोकांचा. सायरस आणि संजाणला उतरलेले पारशी यांच्यात हजार वर्षांहून जास्त अंतर आहे.

फार्ससारख्या कोपऱ्यातले लोक वीस वर्षांत एवढे मोठे कसे झाले?

तयार राज्ये ताब्यात घेऊन. सायरस (कुरुश) इ.स.पू. ५५९ च्या सुमारास अन्शानच्या गादीवर आला. अन्शान हे फार्समधले, पर्शियनांच्या आधीच्या एलामी लोकांचे जुने शहर. तिथे लेखनिक, कोठारे, हिशेब ही सगळी व्यवस्था आधीपासून होती. ५५० मध्ये मीडांचा राजा अस्तियागीस त्याच्यावर चालून आला. बॅबिलोनी बखरीनुसार त्याच्याच सैन्याने बंड करून त्याला सायरसच्या हवाली केले. मीडांची राजधानी एकबताना, म्हणजे आजचे हमदान, खजिन्यासकट हाती लागली. पुढे काही वर्षांत लिडियाचा (आजच्या पश्चिम तुर्कस्तानातले राज्य) राजा क्रीसस हरला आणि त्याची राजधानी सार्डिस पडली. ५३९ च्या ऑक्टोबरात बॅबिलोन आले.

प्रत्येक ठिकाणी करवसुली, कारकून आणि देवळांची मालमत्ता होती तशीच चालू राहिली. फक्त वरचा माणूस बदलला. सायरसचा मुलगा कॅम्बायसिस याने ५२५ मध्ये इजिप्त घेतले तेव्हाही तेच. उजाहोररेस्नेत हा इजिप्तच्या आरमाराचा अधिकारी नव्या राजाच्या दरबारी वैद्य झाला; त्याने तसे स्वतःच्या पुतळ्यावर कोरून ठेवले आहे आणि तो पुतळा आज व्हॅटिकनमध्ये आहे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो की कॅम्बायसिसने इजिप्तचा पवित्र बैल एपिस मारला. प्रत्यक्षात कॅम्बायसिसच्याच नावाने अर्पण केलेली एपिसची दगडी शवपेटी सापडली आहे. ग्रीक कथा जपून वाचायच्या, त्या अशा कारणांसाठी.

सायरस सिलिंडर हा जगातला पहिला मानवी हक्कांचा जाहीरनामा आहे ना?

नाही, आणि हा गैरसमज आता मुळापासून काढायला हवा. सुमारे २२ सेंटिमीटर लांबीचा हा भाजलेल्या मातीचा दंडगोल १८७९ मध्ये बॅबिलोनच्या अवशेषांत सापडला. त्यावर अक्कादी (बॅबिलोनी) भाषेत कीलाक्षरी, म्हणजे खिळ्यांसारख्या खुणांच्या लिपीतला, मजकूर आहे. नवा राजा तटबंदी किंवा देऊळ दुरुस्त करताना पायात असा लेख पुरायचा, ही मेसोपोटेमियातली आधीपासूनची रीत. मजकूरही त्याच साच्यातला: आधीचा राजा नबोनिडस वाईट होता, मार्दुक देवाने सायरसला निवडले, त्याने शहर न लढता घेतले, आसपासच्या देवांच्या मूर्ती त्यांच्या जागी परत नेल्या, विस्थापितांना घरी पाठवले.

गुलामगिरी रद्द, किमान वेतन, धर्मस्वातंत्र्य असली वाक्ये घेऊन इंटरनेटवर फिरणारे 'भाषांतर' बनावट आहे. ज्यूंचा उल्लेखही या लेखात नाही. त्यांच्या परतीची हकिकत बायबलमधली. शिवाय शहर शांतपणे पडले हे खरे असले तरी त्याआधी ओपिस इथे लढाई आणि कत्तल झाल्याचे बॅबिलोनी बखर नोंदवते.

'हक्कांची सनद' ही ख्याती पसरली ती विसाव्या शतकात, मुख्यतः १९७१ च्या शाही सोहळ्यामुळे. इराणच्या शहाने साम्राज्याची २५०० वर्षे साजरी केली आणि सिलिंडरची प्रतिकृती संयुक्त राष्ट्रांना दिली. (बॅबिलोन घेतल्यापासून मोजले तर १९७१ साली २५०९ वर्षे होतात. इसवी सनात शून्य वर्ष नाही, म्हणून बेरजेतून एक वजा करायचा. लेखांमध्ये ही चूक सर्रास दिसते.)

डरायस खरा वारस होता की त्याने राज्य बळकावले?

डरायस हा कॅम्बायसिसनंतर गादीवर आलेला राजा. तो खरा वारस होता याबद्दल बहुतेक अभ्यासकांना संशय आहे, आणि संशयाचे मूळ डरायसच्याच शब्दांत आहे. कर्मानशाहजवळ बेहिस्तुनच्या कड्यावर, रस्त्यापासून सुमारे शंभर मीटर उंचीवर, त्याने आपली बाजू तीन भाषांत कोरली: जुनी पर्शियन, एलामी आणि बॅबिलोनी. त्याचे म्हणणे असे: कॅम्बायसिसने आपला भाऊ बर्दिया याला गुपचूप मारले होते, मग गौमात नावाच्या एका मगाने, म्हणजे पुरोहिताने, बर्दियाचे सोंग घेऊन गादी बळकावली, मी सहा साथीदारांसह त्याला ठार केले. ही गोष्ट इ.स.पू. ५२२ ची. राजाच्या भावाचा खून कुणालाच कळू नये आणि तोतयाही कुणाला ओळखू येऊ नये, हे पटायला जड आहे. मारला गेला तो खरा बर्दियाच असावा असे आमचेही मत.

त्यानंतर साम्राज्यभर बंडे झाली. एका वर्षात एकोणीस लढाया करून नऊ राजे धरले असे डरायस सांगतो. शिल्पात गौमात त्याच्या पायाखाली आहे आणि समोर गळ्यात दोरी बांधलेले आठ जण. उंच टोपीचा नववा, शकांचा स्कुन्ख, नंतर घातला. त्याला जागा करताना शेजारचा एलामी मजकूर फोडावा लागला आणि तो दुसरीकडे पुन्हा कोरला गेला. जमिनीवरून यातले अक्षर वाचता येत नाही. त्यामुळे मजकुराच्या प्रती प्रांतोप्रांती पाठवल्या होत्या. इजिप्तमध्ये एलेफंटाइन बेटावर त्याची अरामी (पश्चिम आशियात तेव्हा सर्वत्र चालणारी भाषा) प्रत मिळाली आहे.

ही लिपी वाचली कुणी आणि कशी?

यात मुंबईचा दोनदा संबंध येतो. कार्स्टन नीबूर हा डॅनिश मोहिमेतला प्रवासी मुंबईत राहिला, त्याने घारापुरीच्या लेण्यांची रेखाटने केली आणि १७६४ अखेर मुंबई सोडून तो इराणकडे गेला. १७६५ मध्ये त्याने पर्सेपोलिसच्या, म्हणजे फार्समधल्या हखामनी राजधानीच्या, शिलालेखांच्या नकला केल्या. त्या इतक्या नेटक्या होत्या की पुढचे काम त्यांच्यावरच झाले.

१८०२ मध्ये ग्रोटेफेंड या जर्मन शिक्षकाने धागा पकडला. सासानी लेखांचा साचा तेव्हा माहीत झाला होता: 'अमुक, महान राजा, राजांचा राजा, अमुक राजाचा मुलगा'. हाच साचा इथे असेल असे त्याने धरले. वारंवार येणारा शब्द 'राजा' मानला. मग त्याला तीन पिढ्यांची साखळी दिसली, आणि तिच्यातल्या सर्वांत आधीच्या माणसाला 'राजा' हे पद नव्हते. ग्रीक इतिहासात अशी जोडी एकच बसते: स्वतः राजा नसलेला हिस्टास्पीस, त्याचा मुलगा डरायस आणि नातू झर्क्सीस. तीन नावांतून पहिली अक्षरे सुटली.

पुढे हेन्री रॉलिन्सनने १८३० च्या दशकात बेहिस्तुनच्या कड्यावर चढून जुना पर्शियन मजकूर उतरवला. हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातला अधिकारी. १८२७ मध्ये मुंबईत आला होता. बॅबिलोनी भाग सगळ्यात अवघड जागी असल्याने १८४७ मध्ये एका कुर्दी मुलाने दोराने लटकून कागदाच्या ओल्या लगद्यावर त्याचे ठसे घेतले. जुन्या पर्शियनमध्ये ३६ ध्वनिचिन्हे, काही शब्दचिन्हे आणि शब्द तोडणारी खूण एवढेच आहे. बॅबिलोनीची शेकडो चिन्हे मात्र या सोप्या लिपीच्या आधाराने उलगडली. मेसोपोटेमियाचा अडीच-तीन हजार वर्षांचा इतिहास वाचता आला तो यामुळे.

एवढा मुलूख चालवायचे कसे?

प्रांतावर क्षत्रप नेमलेला असे, बहुधा राजघराण्यातला किंवा बड्या पर्शियन घरातला. ग्रीक लेखकांच्या मते किल्ल्यातल्या शिबंदीचा अधिकारी त्याच्या हाताखाली नसून थेट राजाला जबाबदार असे. हिरोडोटस वीस करप्रांत देतो. शिलालेखांतल्या याद्या वेगळ्या आहेत, बेहिस्तुनमध्ये २३ देश मोजले आहेत. दोन्हींचा मेळ बसवायचा प्रयत्न करू नये. एक वसुलीची यादी, दुसरी राजाच्या वैभवाची.

कारभाराची भाषा पर्शियन नव्हती. सिंधूपासून इजिप्तपर्यंत पत्रे अरामीत जात, कातडे किंवा पपायरसवर शाईने लिहून. राजा आपल्या भाषेत सांगे, लेखनिक अरामीत उतरवी, दुसऱ्या टोकाचा लेखनिक स्थानिक भाषेत वाचून दाखवी. वायव्य भारतातली खरोष्ठी लिपी याच अरामीवरून घडली.

नाणी होती, पण सगळीकडे नाही. सोन्याचे दारिक सुमारे ८.४ ग्रॅमचे, चांदीचे सिग्लोस साडेपाच ग्रॅमच्या आसपास. एका दारिकला वीस सिग्लोस. चलन मुख्यतः पश्चिमेत, आशिया मायनरमध्ये (आजच्या तुर्कस्तानात). खुद्द फार्समध्ये मजुरी धान्यात आणि दारूत दिली जाई, नंतर काही प्रमाणात चांदीत.

राजमार्ग किती लांब होता? टपाल खरेच आठवड्यात पोचायचे?

सार्डिस ते सुसा (नैऋत्य इराणमधली दुसरी राजधानी) हे अंतर हिरोडोटस ४५० परसंग देतो, म्हणजे साधारण २,४०० किलोमीटर. वाटेत १११ मुक्कामाची ठाणी. सरासरी २०-२२ किलोमीटरला एक. पायी ९० दिवस. गंमत अशी की त्याने प्रदेशवार दिलेली ठाणी मिळवली तर ८१ भरतात. हस्तलिखितात कुठेतरी ओळ गळली आहे, त्यामुळे या आकड्यांवरून नकाशा काढणाऱ्याने सावध असावे.

टपाल दर ठाण्याला ताजा घोडा आणि ताजा स्वार घेऊन पुढे जाई. सात ते नऊ दिवस हा आजचा अंदाज आहे, कुठल्या जुन्या नोंदीतला आकडा नव्हे.

प्रवाशाला शिक्क्याचा परवाना लागे. त्यात माणसे किती, कुठून कुठे, रोजचा शिधा किती हे लिहिलेले. ठाण्यावर शिधा दिला की कारकून मातीच्या छोट्या पाटीवर नोंद करी, घेणारा आपली मुद्रा उठवी आणि पाटी पर्सेपोलिसला हिशेबासाठी जाई. कंदाहार आणि हिंदूश, म्हणजे सिंधूकाठ, इकडून आलेल्या प्रवाशांच्या पाट्याही त्यात आहेत.

त्या पाट्यांत आणखी काय आहे?

आमच्या मते हखामनींबद्दलचा हा सर्वांत मोलाचा पुरावा, आणि सर्वांत कमी वाचला जाणारा. १९३३-३४ मध्ये पर्सेपोलिसच्या तटबंदीच्या खोल्यांत हजारो पाट्या सापडल्या. बहुतेक एलामी भाषेत, इ.स.पू. ५०९ ते ४९३ या काळातल्या. यात लढाया नाहीत. जव, पीठ, दारू, बिअर, मेंढ्या, फळे कुणाला किती दिली, एवढेच.

माप 'का' नावाचे, जवळपास एक लिटर. साध्या मजुराला महिन्याला ३० का जव, म्हणजे दिवसाला लिटरभर. वजनात सुमारे सहाशे ग्रॅम. एवढ्यावर एकट्याचे कसेबसे भागेल, कुटुंबाचे नाही. दुसऱ्या टोकाला या सगळ्या कारभाराचा प्रमुख परनाक: त्याचा रोजचा शिधा २ मेंढ्या, ९० का दारू आणि १८० का पीठ. हे अर्थातच एकट्याच्या पोटासाठी नसून त्याच्या लवाजम्यासाठी.

बायकांची नोंद ठळक आहे. कामगार स्त्रियांच्या गटप्रमुखीला महिन्याला ५० का धान्य, ३० का दारू आणि मेंढीचा तिसरा हिस्सा मिळे, साध्या पुरुष मजुरापेक्षा बरेच जास्त. बाळंतिणीला महिन्याची जादा दारू किंवा बिअर: मुलगा झाला तर १० का, मुलगी झाली तर ५. समान वेतनाचे गोडवे गाणारे लेख पहिली ओळ उचलतात आणि दुसरी गाळतात.

हे मजूर गुलाम होते का? पाट्यांत त्यांना 'कुर्तश' म्हटले आहे. लिडियन, इजिप्शियन, बॅबिलोनी, थ्रेशियन अशा जथ्यांनी ते एका गावाहून दुसऱ्या गावी पाठवले जात. काही पकडून आणलेले, काही कदाचित वेठीचे. बाजारात विकलेल्या गुलामांसारखे ते दिसत नाहीत, पण मनात आले तर निघून जातील असेही नाही.

पर्सेपोलिस कसे बांधले?

डोंगराच्या पायथ्याला सुमारे ४५० बाय ३०० मीटरचा दगडी चौथरा. काम इ.स.पू. ५१८ च्या सुमारास सुरू झाले आणि तीन राजे चालले. चौथऱ्याचे दगड चुन्याशिवाय बसवलेले. शेजारच्या दोन दगडांत पारव्याच्या शेपटीसारखी खाच करून तीत लोखंडी पट्टी ठेवायची आणि वर शिसे ओतायचे. भिंती उभारण्याआधी खडकात सांडपाण्याचे नाले खोदले. पुढे धातूसाठी लोकांनी या पट्ट्या उकरून काढल्या. सांध्यांवर आज दिसणारी भोके भूकंपाची नव्हेत, चोरीची आहेत.

अपादान हा दरबारी महाल: ६० मीटर चौरस दालनात ३६ खांब आणि तीन बाजूंच्या ओसऱ्यांत ३६, असे ७२. उंची एकोणीस-वीस मीटर. डोक्यावर पाठीला पाठ लावलेले बैल किंवा सिंह, आणि त्यांच्या मधल्या खोबणीत देवदाराची तुळई. दगडी कमान नाही, छत लाकडाचे. म्हणूनच खांब इतके बारीक आणि इतके दूर ठेवता आले, आणि म्हणूनच इ.स.पू. ३३० मध्ये अलेक्झांडरच्या आगीत सगळे कोसळले. भिंती कच्च्या विटांच्या होत्या, त्या विरघळून गेल्या. आज दिसतात त्या दाराच्या चौकटी आणि खिडक्या, कारण तेवढेच दगडात होते.

माल आणि माणसे कुठून येत हे सुसाच्या महालाच्या पायाभरणी लेखात डरायसने स्वतः लिहिले आहे. लेबनॉनचा देवदार, गंधाराचे लाकूड, सार्डिस आणि बॅक्ट्रियाचे सोने, सोग्दियाचा राजावर्त (निळा मौल्यवान दगड), ख्वारझमचा पिरोजा, इजिप्तची चांदी, हिंदूशचे हस्तिदंत. दगडफोडे आयोनियाचे, सोनार मीड आणि इजिप्शियन, विटा भाजणारे बॅबिलोनी. पायात खडी भरली ती कुठे ४० हात खोल, कुठे २० हात.

कनात म्हणजे काय? तो कसा खणतात?

डोंगराच्या पायथ्याचे भूजल पंपाशिवाय, केवळ उताराने, गावापर्यंत आणणारा जमिनीखालचा बोगदा. पहिला कनात नेमका कुठे खणला यावर वाद आहे, पण पर्शियन राज्यात त्याला कायद्याचे पाठबळ मिळाले हे पक्के: कोरड्या जमिनीवर पाणी आणणाऱ्याला पाच पिढ्या तिचे उत्पन्न मिळत असे, असे ग्रीक इतिहासकार पॉलिबियस लिहितो.

आधी पायथ्याशी पंख्यासारख्या पसरलेल्या गाळाच्या जमिनीत चाचणी विहीर खणतात. पाणी लागले की काही दिवस थांबून ते टिकते का बघतात. टिकले तर तीच 'मातृविहीर'. मग तिच्यातली पाण्याची पातळी आणि गावाजवळचे तोंड यांच्यातली उंची दोरी आणि पाणसळीने मोजतात. यावरून उतार ठरतो: किलोमीटरला साधारण एक मीटर किंवा त्याहून थोडा कमी. उतार जास्त झाला तर पाणी तळ खरवडते आणि बोगदा ढासळतो. कमी झाला तर गाळ बसून तुंबतो. सगळे कौशल्य इथे आहे.

खणाई तोंडाकडून सुरू होते, वरच्या बाजूकडून नव्हे. कारण पाणी लागले की ते आपोआप खाली वाहून जावे, कामगार बुडू नयेत. दर २० ते ५० मीटरवर उभी विहीर, माती काढायला आणि हवेला. काढलेली माती तोंडाभोवती गोल कड्यासारखी रचतात, म्हणजे पुराचे पाणी आत शिरत नाही. बोगदा माणूस वाकून जाईल एवढाच. मागे दोन दिवे ओळीत ठेवून पुढची रेष सरळ राखतात. दिवा मंदावला तर हवा खराब आहे, बाहेर पडायचे. माती भुसभुशीत असेल तिथे भाजलेल्या मातीची लंबगोल कडी बसवतात.

दोष? नळ बंद करता येत नाही. रात्री आणि हिवाळ्यातही पाणी वाहतच राहते, त्यामुळे हौद लागतो. गाळ नियमित काढावा लागतो. आणि शेजारी खोल बोअर मारली की भूजल मातृविहिरीच्या खाली जाते, कनात कोरडा पडतो. इराणमधले असंख्य कनात असेच संपले. तरी गोनाबादचा कनात, ३३ किलोमीटर लांब आणि मातृविहीर तीनशे मीटरच्या आसपास खोल, अजून वाहतो. २०१६ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या अकरा कनातांपैकी तो एक.

छत्रपती संभाजीनगरची (औरंगाबादची) नहर-ए-अंबरी याच कुळातली. ती मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला केली. म्हणजे हे ज्ञान दख्खनला आले ते चौथ्या थरातून; थेट डरायसशी नाते जोडू नये.

झर्क्सीसने ग्रीसवर सतरा लाख पायदळ नेले होते?

आकडा हिरोडोटसचा आणि अशक्य. माणशी रोज एक किलो धान्य धरले तरी दिवसाला १,७०० टन लागेल. जनावरांचा दाणा वेगळा. उन्हाळ्यात आटणाऱ्या ग्रीक ओढ्यांवर एवढ्यांना पाणीही मिळाले नसते. आजचे अंदाज एक-दोन लाख किंवा त्याहून कमी आहेत. इ.स.पू. ४८० मध्ये सलामिसला आरमार हरले, ४७९ मध्ये प्लातेयाला पायदळ. चित्रपटांमुळे हाच साम्राज्याचा शेवट वाटतो, पण ते त्यानंतर दीडशे वर्षे चालले. याच सैन्यात सुती कपड्यांतले, बोरूच्या धनुष्यांचे भारतीय तिरंदाज होते.

भारताचा कोणता भाग त्यांच्याकडे होता?

गंधार आणि सिंधूचे खोरे. हिंदूश हे नाव डरायसच्या नक्श-ए-रुस्तमच्या लेखात आहे. त्याच्या हुकमावरून स्कायलॅक्स नावाचा कॅरियाचा दर्यावर्दी सिंधूतून समुद्रात आणि तिथून अरबस्तानाला वळसा घालून तीस महिन्यांत इजिप्तजवळ पोचला. हिरोडोटस भारताचा कर ३६० टॅलेंट सुवर्णरज देतो; टॅलेंट २६ किलोचे धरले तर ते नऊ टनांहून जास्त होते, दरवर्षी. इतके सोने संशयास्पद आहे. महाराष्ट्र आणि गोवा या राज्यात कधीच नव्हते.

अशोकाचे स्तंभ ही पर्सेपोलिसची नक्कल का?

नक्कल नाही, ओळख मात्र स्पष्ट. पर्शियन खांब तुकडे रचून केलेला, उभ्या पन्हळींचा, छत पेलणारा. अशोकाचा एकसंध दगडाचा, गुळगुळीत, उघड्यावर एकटा उभा. चकाकी, घंटेच्या आकाराचा भाग आणि पाठीला पाठ लावलेले प्राणी हे साम्य आहे. लेखांची सुरुवातही जुळते: 'डरायस राजा म्हणतो' आणि 'देवांचा प्रिय प्रियदर्शी राजा असे म्हणतो'. कंदाहार आणि तक्षशिलेला अशोकाने अरामी वापरली, म्हणजे हखामनींचे लेखनिकवर्ग अजून टिकून होते.

पाटण्याजवळ कुम्रहारला खांबांचे मोठे दालन निघाले ते स्पूनर यांच्या उत्खननात. पैसा मुंबईच्या सर रतन टाटांचा. उत्साहाच्या भरात स्पूनर यांनी मौर्यांनाच पर्शियन ठरवले. ते कुणी मानले नाही.

नाशिकच्या लेण्यांतले क्षत्रप पर्शियन होते का?

शक होते. पदवी मात्र हखामनी कारभारातली. ती ग्रीक राजवटींतून शकांपर्यंत आली. नहपान हा क्षहरात क्षत्रप, त्याचा जावई उषवदात. दोघांची नावे पांडवलेण्यांत आहेत. नहपानाला गौतमीपुत्र सातकर्णीने हरवले. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली आणि त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला होता.

मराठीतले फारसी शब्द यांच्याकडूनच आले?

नाही. दरवाजा, कागद, जमीन, सरकार, हवालदार हे चौथ्या थरातले, बहामनी काळापासून पुढे आलेले. शिवाजी महाराजांच्या काळच्या राज्यव्यवहारकोशाने पर्याय सुचवले ते या दरबारी फारसीला.

सायरस आणि डरायस जरथुश्त्री होते का?

डरायस पानोपानी अहुरमज्दाचे नाव घेतो. जरथुश्त्राचे मात्र एकाही हखामनी शिलालेखात नाही. सायरसच्या खाजगी श्रद्धेचा पुरावाच नाही. बॅबिलोनमध्ये तो मार्दुकाचा, ज्यूंच्या ग्रंथात यहोवाचा अभिषिक्त. पाट्यांमध्ये पर्शियन देवांसोबत हुंबान या एलामी देवालाही शिधा दिलेला आहे.

साम्राज्य इतक्या लवकर का कोसळले?

लवकर नाही, २२० वर्षांनी. दुखणे वारसाहक्काचे होते. इ.स.पू. ३३८ आणि ३३६ मध्ये लागोपाठ दोन राजांचे खून झाले आणि तिसरा डरायस गादीवर आला तेव्हा त्याच्याभोवती विश्वासाची माणसे कमी होती. इजिप्त साठ वर्षे हातातून गेले होते आणि नुकतेच परत मिळवले होते. त्यात समोर अलेक्झांडर. ३३४ मध्ये ग्रॅनिकस, ३३३ मध्ये इसस, ३३१ मध्ये गौगमेला. पण त्याने यंत्रणा मोडली नाही: गौगमेलाला त्याच्याविरुद्ध लढलेल्या मझायसलाच बॅबिलोनचा क्षत्रप नेमले.

पारशी नववर्ष ऑगस्टमध्ये आणि नवरोज मार्चमध्ये, असे का?

जरथुश्त्री वर्ष ३० दिवसांचे बारा महिने आणि वर पाच दिवस, असे ३६५ दिवसांचे. लीप दिवस नसल्याने ते चार वर्षांत एक दिवस मागे सरकते. सरकत सरकत शहेनशाही पंचांगाचे नववर्ष ऑगस्टात आले आहे. २१ मार्चचा जमशेदी नवरोज वसंतसंपाताला बांधलेला. पतेती म्हणजे खरे तर वर्षाचा शेवटचा दिवस.

महाराष्ट्रात यातले काही पाहता येते का?

मूळ वस्तू फारशा नाहीत. सायरस सिलिंडर २०१३-१४ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात प्रदर्शनासाठी आला होता. एरवी तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असतो. वास्तुशैलीचे पडसाद मात्र फोर्टमध्ये रस्त्यावरून दिसतात. माणेकजी सेठ अग्यारीच्या दाराशी मानवी मुखाचे पंखवाले बैल आहेत, पर्सेपोलिसच्या महाद्वारावरच्या बैलांच्या धर्तीवर. अग्यारीत फक्त जरथुश्त्री लोकांना प्रवेश असतो, त्यामुळे बाहेरूनच पाहावे. अभ्यास करायचा असेल तर मुंबईतच १९१६ मध्ये स्थापन झालेल्या के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूटचे ग्रंथालय आहे.